जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया, डिस्चार्ज आणि उरलेली इंजेक्शने : आरोग्य सेवा संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, आरोग्य सेवा संचालनालय, पणजी,
तसेच गोव्यातील सरकारी व खासगी इस्पितळांत पोटाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया करणारे सर्व शल्यचिकित्सक यांस,

महोदय,

जठराच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची जखम सुकू लागली आणि थोडीथोडी पेज त्याच्या पोटात राहू लागली की त्याला घरी सोडले जाते. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा आणि ती फुप्फुसात जाऊन अडकण्याचा त्याचा धोका मात्र त्या दिवशी संपलेला नसतो. तो आणखी काही आठवडे चालू राहतो, आणि मी नोकरीत पाहिलेल्या बहुतेक रुग्णांच्या बाबतीत गुठळी टाळणारे इंजेक्शन डिस्चार्जच्या दिवशीच बंद होत असे. ज्या रुग्णाला रक्तस्रावाचा विशेष धोका नाही, त्याचे इंजेक्शन शस्त्रक्रियेपासून चार आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू राहावे, त्याचा साठा डिस्चार्जच्या वेळीच मोफत हातात मिळावा आणि ते टोचण्याची सोय त्याच्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रात असावी, असा लेखी नियम राज्याने सर्व इस्पितळांसाठी करावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी शल्यचिकित्सा विभागातून निवृत्त झालेली परिचारिका आहे. औषध लिहून देण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे आणि त्यात ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नाही. परंतु डिस्चार्जचा कागद रुग्णाच्या मुलाच्या किंवा सुनेच्या हातात ठेवून त्यातले एकेक औषध समजावून सांगण्याचे काम आम्ही परिचारिका करत आलो आहोत. त्यामुळे त्या कागदावर काय लिहिलेले असते, काय राहून जाते आणि लिहिलेले असूनही घरी गेल्यावर त्यातले काय होत नाही, याबद्दल बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजते.

कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा संबंध वैद्यकाला दीडशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. पॅरिसमधील वैद्य आर्मां त्रूसो यांनी 1865 साली तो आपल्या व्याख्यानांतून मांडला, पुढे स्वतःच्याच शिरेत गुठळी झाल्याचे पाहून आपल्यालाही पोटाचा कर्करोग झाला असल्याचे ओळखले, आणि 1867 साली जठराच्या कर्करोगानेच त्यांचा अंत झाला. रक्त शिरेत साकळण्यास तीन गोष्टी कारणीभूत होतात : प्रवाह मंदावणे, शिरेच्या आतील अस्तराला इजा होणे आणि रक्ताचीच गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसात या तिन्ही एकाच वेळी हजर असतात. ट्यूमरच्या पेशी रक्त गोठवण्याची साखळी सुरू करणारी द्रव्ये सोडतात, कित्येक तास चालणाऱ्या शस्त्रक्रियेत पायांच्या पोटऱ्या निश्चल राहतात, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया असेल तर पोटात भरलेल्या वायूच्या दाबाने पायांतून परतणारे रक्त आणखी मंदावते, आणि गळ्यातील किंवा दंडातील मोठ्या शिरेत घातलेली नळी त्या शिरेच्या अस्तराला घासत राहते. त्यानंतरच्या दिवसांत रुग्ण अंथरुणाला खिळलेला असतो आणि जठर काढल्यामुळे त्याला एका वेळी अर्धा पेलासुद्धा पाणी पिववत नाही, त्यामुळे शरीरातील पाणी कमी होऊन आधीच गोठायला टेकलेले रक्त आणखी दाट होते. इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, छेद लहान आहे, म्हणून गुठळीचा धोका नाही असे रुग्णाचे नातेवाईक मानतात आणि कधी कधी वॉर्डातही तसेच बोलले जाते. छेद लहान झाला तरी आतले काम तेवढेच मोठे असते आणि रोगही तोच असतो.

सर्व कर्करोगांत हा धोका सारखा नसतो. केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांतील गुठळीचा धोका मोजण्यासाठी 2008 साली प्रसिद्ध झालेली खोराना गुणपद्धती जगभर वापरली जाते. तिच्यात रोगाच्या जागेसाठी सर्वाधिक, म्हणजे 2 गुण, जठर आणि स्वादुपिंड या दोनच अवयवांच्या कर्करोगांना दिलेले आहेत. प्लेटलेट 3,50,000 किंवा त्याहून जास्त, हिमोग्लोबिन 10 पेक्षा कमी, पांढऱ्या पेशी 11,000 पेक्षा जास्त आणि अति स्थूलपणा यांना प्रत्येकी 1 गुण मिळतो, आणि 3 गुण झाले की रुग्ण उच्च धोक्याच्या गटात जातो. जठराचा कर्करोग आतल्या आत झिरपत असतो, त्यामुळे या रुग्णांत हिमोग्लोबिन 10 च्या खाली असणे हे आम्हा वॉर्डातल्या माणसांना नेहमीचेच दृश्य आहे. म्हणजे आपला रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधीच, शस्त्रक्रियेपूर्वीच्या केमोच्या काळात, त्या गटात पोहोचलेला असू शकतो.

शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठी कॅप्रिनी नावाची दुसरी गुणपद्धती आहे, आणि ती भरायला परिचारिकेला पाच मिनिटे पुरतात. पासष्ट वर्षांचा, सडपातळ, पूर्वी कसलाही आजार नसलेला रुग्ण घ्या : वयाचे 2, कर्करोगाचे 2, पाऊण तासापेक्षा लांबलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेचे 2 आणि मध्यवर्ती शिरेतील नळीचे 2, अशी बेरीज 8 होते. 5 गुणांपासून पुढे उच्च धोका धरतात. माझ्या मते जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ‘या रुग्णाला धोका आहे का’ हा प्रश्नच उरत नाही. ‘याला इंजेक्शन न देण्याइतका रक्तस्रावाचा धोका आहे का’ एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक केसपेपरवर शल्यचिकित्सकाच्या सहीने असले पाहिजे.

आता चार आठवड्यांचा मुद्दा. पोटाच्या किंवा ओटीपोटाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवरील एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांना आधी आठवडाभर एनोक्सापॅरिन हे गुठळी टाळणारे इंजेक्शन 40 मिलिग्रॅम दिले, आणि नंतर अर्ध्या रुग्णांना तेच इंजेक्शन व अर्ध्यांना औषध नसलेले इंजेक्शन चार आठवड्यांपर्यंत चालू ठेवले. शिरांच्या तपासणीत, आठवड्यानंतर औषध थांबलेल्या गटातील 12 टक्के रुग्णांत गुठळ्या सापडल्या आणि चार आठवडे औषध घेतलेल्या गटात 4.8 टक्के. यातल्या बऱ्याच गुठळ्या लक्षणे न दाखवणाऱ्या होत्या, तपासणी केली म्हणूनच त्या दिसल्या, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. ज्यांना हा आक्षेप मोठा वाटतो त्यांनी 2006 साली प्रसिद्ध झालेली इटलीतील नोंद पाहावी. तिथे कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या 2,373 रुग्णांत फक्त लक्षणे दिसलेल्या घटना मोजल्या होत्या. अशा घटना 2.1 टक्के रुग्णांत घडल्या, म्हणजे आकडा लहान आहे. परंतु त्यांतील 40 टक्के घटना शस्त्रक्रियेनंतर 21 दिवस उलटून गेल्यावर घडल्या होत्या, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरात झालेल्या मृत्यूंपैकी 46.3 टक्के मृत्यू गुठळीमुळे झाले होते. एकविसाव्या दिवशी आपला सत्तर वर्षांचा रुग्ण सांगेतल्या किंवा काणकोणातल्या आपल्या घरी असतो. राऊंडवरचा डॉक्टर तिथे नसतो आणि रोज त्याची पोटरी दाबून पाहणारेही कोणी नसते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेसाठी 2018 साली निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पोटाच्या कर्करोगाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर 28 दिवसांपर्यंत औषध वाढवण्याचा विचार करावा असे म्हटले आहे, आणि अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही चार आठवड्यांपर्यंतचीच आहे.

यावर शल्यचिकित्सकांकडून येणारा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो पोकळ नाही. हे आकडे गोऱ्या लोकांचे आहेत, आशियाई माणसात गुठळ्या कमी होतात, आणि जठर काढल्यावर आतड्याच्या जोडातून रक्तस्राव झाला तर निस्तरायचे शल्यचिकित्सकालाच, असे ते म्हणतात. दक्षिण कोरियात जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेवरच झालेला, 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांच्या बाजूने दाखवता येतो. पायांना हवेच्या दाबाच्या पट्ट्या लावलेल्या रुग्णांत गुठळ्या 3.6 टक्के झाल्या आणि पट्ट्यांसोबत इंजेक्शनही दिलेल्या रुग्णांत 0.6 टक्के, पण रक्तस्रावाचे प्रमाण 1.2 वरून 9.1 टक्क्यांवर गेले. हा आकडा मी लपवणार नाही. सरसकट सर्वांना इंजेक्शन द्या असे म्हणणाऱ्याने तो रोज वाचावा.

मात्र त्याच कोरियातील दुसरे निरीक्षण आपल्याकडे क्वचितच सांगितले जाते. तिथे जठराच्या कर्करोगाच्या दोन हजारांहून अधिक रुग्णांचा मागोवा घेतला, तेव्हा दोन वर्षांत गुठळी होण्याचे प्रमाण पहिल्या टप्प्यात 0.5 टक्के होते, त्यापुढच्या पण शरीरात इतरत्र न पसरलेल्या रोगात 3.5 टक्के, आणि पसरलेल्या रोगात 24.4 टक्के. कोरियात चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी जठराच्या तपासणीची सरकारी सोय आहे, म्हणून तिथे फार मोठ्या संख्येने रुग्ण पहिल्याच टप्प्यात सापडतात. आपल्याकडे अशी तपासणी नाही. आपला रुग्ण कित्येक महिने ‘पित्त झाले’ म्हणून गोळ्या खातो, वजन उतरल्यावर दुकानातून टॉनिक आणतो, आणि घास खाली उतरेनासा झाल्यावर गोमेकॉची, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळाची, वाट धरतो. कोरियातील पहिल्या टप्प्याच्या रुग्णाचा कमी धोका आपल्या तिसऱ्या टप्प्याच्या रुग्णाला लावणे मला योग्य वाटत नाही. रक्तस्रावाच्या भीतीला उत्तर आहे ते रुग्ण पाहून निर्णय घेण्यात : ज्याला रक्तस्राव चालू आहे किंवा ज्याच्या प्लेटलेट फार खाली आहेत त्याला पायाच्या पट्ट्यांवर ठेवावे, मूत्रपिंड कमजोर असेल त्याची मात्रा कमी करावी किंवा त्याला साधे हेपॅरिन द्यावे, पाठीत वेदनाशामक नळी असेल तर ती काढण्याच्या आणि इंजेक्शनच्या वेळांत ठरलेले अंतर ठेवावे, आणि रक्तस्रावाची भीती ओसरली की इंजेक्शन सुरू करायचे विसरू नये. शेवटची गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते. पहिल्या दिवशी ‘थांबा’ असे लिहिलेले असते आणि ‘आता द्या’ असे लिहायला पुन्हा कोणी येत नाही.

गोळ्या का देत नाहीत, असे नातेवाईक विचारतात. आतड्याच्या कर्करोगानंतर गोळ्यांचे अभ्यास झाले आहेत, पण जठर काढलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा आहे. रिव्हारोक्साबॅनसारखी गोळी नीट शोषली जाण्यासाठी जठराची गरज असते, आणि जठरच काढले असेल तर ती रक्तात किती पोहोचेल याचा भरवसा राहत नाही. ज्यांचा जठरातील ट्यूमर अजून काढलेला नाही, त्यांच्यात अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून या रुग्णांसाठी मला तरी आज इंजेक्शनच बरे दिसते.

आणि इंजेक्शन म्हटले की खरी अडचण घरी सुरू होते. पोटात टोचायचे आहे असे सांगितले की पन्नाशीच्या पुढच्या माणसाला कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी ती चौदा इंजेक्शने आठवतात आणि तो सरळ नको म्हणतो. हे इंजेक्शन तसले नाही, त्याची सुई बारीक असते आणि कातडीखालच्या चरबीतच जाते, हे वॉर्डात असतानाच त्याला दाखवून द्यावे लागते. घरच्या एका माणसाला डिस्चार्जच्या आधी निदान दोनदा आमच्यासमोर टोचायला लावले पाहिजे : बेंबीपासून आणि जखमेपासून दूर, एक दिवस डावीकडे तर एक दिवस उजवीकडे, कातडीची घडी शेवटपर्यंत चिमटीत धरून, सिरिंजमधला हवेचा बुडबुडा न काढता, आणि नंतर ती जागा न चोळता. ही सिरिंज फ्रीजरमध्ये ठेवायची नसते हेही सांगावे लागते, कारण महागडे औषध म्हणजे बर्फात ठेवायचे अशी आपल्याकडे समजूत आहे. वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात जाऊ नयेत म्हणून झाकणाचा डबा द्यावा आणि तो आरोग्य केंद्राने परत घ्यावा. एनोक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळवलेल्या हेपॅरिनपासून बनते, ही गोष्टही रुग्णाला आधी सांगितली पाहिजे. काही मुस्लिम आणि शाकाहारी कुटुंबांना ती जाणून घ्यायची असते, त्यांना तसा हक्क आहे, आणि ज्यांना ती मान्य नसेल त्यांच्यासाठी प्राण्यांपासून न बनवलेले फोंडापॅरिनक्स उपलब्ध आहे.

हे सारे शक्य आहे असे मी म्हणते ते हवेत बोलत नाही. हृदयविकाराच्या झटक्यासाठी गोव्याने स्टेमी प्रकल्प उभा केला, त्यात गोमेकॉपासून दूर असलेल्या सरकारी आरोग्य संस्थेतच ईसीजी काढून तज्ज्ञांच्या सल्ल्याने गुठळी विरघळवणारे इंजेक्शन रुग्णाला मिळू लागले. जी यंत्रणा धावत्या वेळेशी झगडत ते काम करते, तिला ठरलेल्या तारखांचे रोजचे एक साधे इंजेक्शन वाळपई, साखळी, पेडणे किंवा काणकोण येथे टोचणे जड जाऊ नये. एनोक्सापॅरिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या 2022 च्या यादीत आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्याच्या आरोग्य विमा योजनेत कर्करोगाच्या पोटाच्या शस्त्रक्रियेचे पॅकेज ठरवताना ‘शस्त्रक्रियेपासून 28 दिवसांपर्यंतची गुठळीप्रतिबंधक इंजेक्शने’ असे शब्द त्यात स्पष्ट लिहावेत. ते लिहिलेले नसले की खासगी इस्पितळाचा औषधविक्रेता वेगळे बिल करतो आणि चार-पाच इंजेक्शने घेऊन कुटुंब थांबते. माझ्या ओळखीच्या सत्तरी तालुक्यातील एका घरात असेच झाले. तिसऱ्या आठवड्यात त्या गृहस्थांच्या एका पायाला सूज आली, घरच्यांनी अशक्तपणाची सूज समजून खोबरेल लावून पाय चोळला, आणि दोन दिवसांनी धाप लागली तेव्हा पोटात वायू धरला म्हणून ओव्याचे पाणी दिले. ते वाचले, कारण शेजारच्या मुलीने 108 ला फोन केला.

म्हणून डिस्चार्जच्या कागदासोबत एक वेगळे कार्ड द्यावे. मराठीत, कोकणीत, मोठ्या अक्षरांत. शेवटच्या इंजेक्शनची तारीख त्यावर हाताने लिहिलेली असावी. एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, पाय गरम लागणे किंवा लाल होणे असे काही दिसले तर त्याच दिवशी इस्पितळात जावे आणि पाय चोळू नये. अचानक धाप, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त, घेरी येऊन पडणे असे झाले तर 108 बोलवावी आणि ‘कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. याउलट, काळी शौच, उलटीत रक्त किंवा जखमेतून न थांबणारे रक्त दिसले तर पुढचे इंजेक्शन न घेता डॉक्टरांना गाठावे, हेही त्याच कार्डावर हवे. घरात झोपवून ठेवण्याची आपली माया या काळात घातक ठरते, तेव्हा रुग्णाने दिवसातून अनेकदा अंगणात फिरावे आणि पाणी घोटघोट पण सतत प्यावे, असे दोन शब्द घरच्यांसाठीही लिहावेत.

त्याचबरोबर म्हापशाच्या आझिलो इस्पितळातील, फोंड्याच्या इस्पितळातील आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळातील तातडीच्या विभागांना एक सूचना जावी. नुकतीच मोठी शस्त्रक्रिया झालेल्या कर्करोगाच्या रुग्णात गुठळीचा अंदाज घेण्यासाठी केली जाणारी डी-डायमर ही रक्ताची तपासणी बहुधा वाढलेलीच येते, तिच्यावरून काही ठरत नाही आणि वेळ जातो. अशा रुग्णाच्या पायाची डॉपलर सोनोग्राफी किंवा छातीचे सीटी अँजिओ सरळ करावे, आणि ते रात्री होत नसेल तर रुग्णाला बांबोळीला पाठवण्याचा निर्णय सकाळपर्यंत लांबवू नये.

नोंदीबद्दल एक सांगते. शस्त्रक्रियेनंतर वॉर्डात दगावलेला रुग्ण इस्पितळाच्या हिशेबात येतो. घरी गेल्यावर विसाव्या-पंचविसाव्या दिवशी अंगणात कोसळलेला रुग्ण ‘हृदयक्रिया बंद पडून’ या शब्दांत पंचायतीच्या मृत्यूनोंदीत जातो, आणि ज्या शल्यचिकित्सकाने त्याच्यावर शस्त्रक्रिया केली त्याला ते कधी कळतही नाही. आपल्याकडे गुठळ्या होत नाहीत, असे काही ज्येष्ठ डॉक्टर प्रामाणिकपणे मानतात त्याचे कारण मला यात दिसते. राज्य लहान आहे. जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी आरोग्य केंद्रातून एक फोन जावा आणि त्याची नोंद संचालनालयाकडे यावी, यासाठी नवे पद निर्माण करण्याचीही गरज नाही. वर्षभराची नोंद हाती आली की माझे म्हणणे कितपत खरे ते आपल्यालाच दिसेल, आणि रक्तस्रावाचा आकडा कोरियासारखा वाढलेला निघाला तर नियम बदलायलाही आधार मिळेल.

सावंतवाडी आणि दोडामार्गहून बांबोळीला येणाऱ्या रुग्णांचा विचारही याच आदेशात व्हावा. त्यांचे घर महाराष्ट्रात असल्यामुळे आपले आरोग्य केंद्र त्यांना इंजेक्शन टोचू शकणार नाही. तेव्हा त्यांना 28 व्या दिवसापर्यंतचा पूर्ण साठा गोमेकॉतूनच द्यावा आणि कार्डाची एक प्रत सिंधुदुर्गच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावी, अशी विनंती आहे. कार्डाचा मसुदा तयार करायला किंवा परिचारिकांना इंजेक्शन शिकवण्याची पद्धत शिकवायला माझा काही उपयोग होणार असेल, तर निवृत्तीनंतर माझ्याकडे सकाळचा वेळ मोकळा असतो.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
डिचोली तालुका, गोवा